करडईच्या तेलाचं टेबल

जुनं लाकडी सामान आणायचं, त्याचं खराब झालेलं पॉलिश काढायचं आणि नवं चढवायचं, हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. नवरा याला उद्योग म्हणत नाही, खूळ म्हणतो. हैदराबादच्या अंबरपेठेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर कायम कुणाचं तरी कपाट नाहीतर पलंग उघडाबोडका पडलेला असतो आणि वाळत घातलेल्या कपड्यांना स्पिरिटचा वास येतो. शेजारची तेलुगू बाई जिन्यात भेटली की आधी माझ्या हातांकडे बघते, मग तोंडाकडे. माझी नखं बारा महिने तपकिरी असतात आणि त्याची मला आता लाज वाटत नाही.

या कामात दयामाया ठेवून चालत नाही. सेकंडहँड कपाट घरात येतं तेव्हा मागच्या मालकाचं सगळं अंगावर घेऊनच येतं. दारावर पोरांनी चिकटवलेली चित्रं, कडीपाशी हळदीच्या बोटांचे ठसे, पलंगाच्या उशाशी डोक्याच्या तेलाचा काळा गोल. मी हे सगळं खरवडून काढते. लाकूड खाली उघडं पडलं, त्याच्या रेषा दिसायला लागल्या की मला बरं वाटतं. त्या खुणा कुणाच्या होत्या, ते लोक आता कुठं असतील, असले उसासे मी कधी टाकले नाहीत. लोकांच्या घरातला मळ तो, त्याचं काय एवढं कौतुक करायचं?

आणि तरी आमच्याच जेवायच्या खोलीत एक टेबल होतं, त्याला मी वर्षानुवर्षं हात लावला नव्हता. गेल्या थंडीत आई म्हणाली, ते टेबल खरवड. आईचं वय पंच्याऐंशीच्या पुढं आहे, तिची दृष्टी गेलेली आहे, आणि त्या टेबलापायी ती आमच्यात बसून जेवायची बंद झाली होती. मला मात्र ते खरवडायचं नव्हतं. त्या दोन-तीन महिन्यांत आम्हा मायलेकींचं जे काही झालं ते इथं लिहून ठेवतेय.

ते टेबलही मुळात सेकंडहँडच. मी शाळेत होते तेव्हा आम्ही नारायणगुड्यात भाड्याच्या घरात राहायचो. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नानांचं गाव नांदेडकडचं, घरची शेती, पण शिकायला म्हणून ते हैदराबादेत आले आणि इथल्याच एका कचेरीत चिकटले. शिक्षण सगळं उर्दूतून. त्यामुळे घरात मराठी बोलायचे, हिशेब उर्दूत करायचे आणि भाजीवाल्याशी तेलुगूत भांडायचे. आबिड्सच्या बाजारामागच्या गल्लीत एक कुटुंब घर मोडून परदेशी चाललं होतं. नाना संध्याकाळी तिथून चालत येताना ते टेबल बघून भाळले. दुसऱ्या दिवशी बंडीवर घालून घेऊनच आले. बंडीवाला पुढून ओढतोय आणि नाना कचेरीच्या कपड्यांत मागून ढकलतायत, अशी ती वरात मी गॅलरीतून पाहिली होती. जाड सागवानी फळ्या आणि त्यांवर पांढरट, पोपडे आलेलं जुनं पॉलिश.

आई दारात उभी राहिली आणि म्हणाली, "हे कशाला?"

"जेवायला," नाना म्हणाले.

"जेवायला जमीन काय कमी पडली?"

आईचा सोवळ्याओवळ्याचा कारभार कडक होता. जेवण झालं की जमीन शेणानं नाहीतर पाण्यानं पुसून खरकटं काढता येतं, टेबलाचं खरकटं कसं काढणार, हा तिचा सवाल. नानांनी तिला दोन दिवस समजावलं. कचेरीतल्या सगळ्यांकडे टेबल आहे, पोरांना मांडी घालून अभ्यास करायला त्रास होतो, वगैरे. शेवटी ती कबूल झाली, पण एका अटीवर. नाना त्याला स्पिरिटचं पॉलिश लावणार होते. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावतात, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. स्पिरिट म्हणजे दारूचाच सख्खा भाऊ. "अन्न मांडायच्या जागेला दारू फासायची नाही," ती म्हणाली. त्यावर अपील नव्हतं.

नाना कचेरीत गेले आणि तिथल्या एका जुन्या सहकाऱ्याला विचारून आले. ते सहकारी म्हणाले होते, "अलसी का तेल पिलाव साब, लकडी जवान हो जाती." अलसी म्हणजे आपला जवस. जवसाचं तेल लाकडावर चोळलं की हवेनं वाळतं आणि त्याचा कडक पापुद्रा होतो, हे आज मला पाठ आहे. तेव्हा आमच्या घरात कुणालाच नव्हतं. आईनं नानांना पुढं बोलूच दिलं नाही. "जवस चटणीला असतो. तेल म्हणजे करडईचं. आपल्या घाण्याचं डबाभर तेल घरात असताना विकतचं कशाला आणायचं?" गावाकडून वर्षाचं करडईचं तेल पत्र्याच्या डब्यातून यायचं आणि त्याचा आम्हा सगळ्यांनाच फार अभिमान होता. आमच्याकडे खोकल्याला, सांधेदुखीला, दाराच्या बिजागरीला तेच तेल. नानांनाही ते पटलं. मराठवाड्यातल्या माणसाला करडईच्या तेलाविरुद्ध बोलणं जडच जातं.

मग नानांनी आधीचं पॉलिश घासून काढलं आणि टेबलाला तेल पाजायला सुरुवात केली. पहिला हात दिला, टेबल काय सुंदर दिसायला लागलं! मधासारखा रंग आला. पण ते वाळेना. नाना म्हणाले, म्हणजे लाकडाची तहान भागली नाही, आणखी पाहिजे. दुसरा हात दिला. तोही वाळेना, म्हणून तिसरा. रोज कचेरीतून आले की बाह्या वर करून चोळत बसायचे आणि आम्हाला सांगायचे, "लकडी पीरी, पीने देव." तेवढ्यात पावसाळा लागला. मग काय विचारता! अख्खा पावसाळाभर ते टेबल पाकातल्या चिक्कीसारखं चिकट होतं. वही ठेवली की पुठ्ठा मागे राहायचा. कोपर टेकलं की सोडवून घ्यावं लागायचं. नानांनी एकदा त्यावर उर्दू पेपर पसरून ठेवला आणि उचलायला गेले तर निम्मं पान टेबलावरच राहिलं. ते ओल्या फडक्यानं चोळून काढलं, तरी अक्षरं लाकडावर उमटलेली राहिली, तीही उलटी. नाना म्हणाले, "बघा, या घरात उर्दूपण डावीकडून उजवीकडे चालायला लागली."

पुढच्या उन्हाळ्यात ते तेल कसंबसं आळलं. हैदराबादचं वैशाखातलं ऊन दगडाला वाळवेल, तेल काय चीज. पण पुरतं कडक ते कधीच झालं नाही. दर पावसाळ्यात टेबलाला थोडा घाम यायचा आणि त्या वेळी त्यावर जे काही टेकेल त्याची खूण राहून जायची. नानांच्या पितळी पेल्याचं वर्तुळ त्यांच्या जागेसमोर पक्कं बसलं. धाकट्या भावानं भूमितीच्या तासाचा राग कर्कटकानं काढला, त्या टोच्या त्याच्या जागेवर. माझ्या शाळेच्या कॉपीच्या कव्हरचा खाकी कागद एका कोपऱ्यात चिकटला तो चिकटलाच. आम्ही कुठल्याही वहीला कॉपीच म्हणायचो, हैदराबादेत सगळेच म्हणतात. आम्ही तिघं टेबलावर जेवायचो आणि आई वाढायची. गरम भाकरी तव्यावरून थेट ताटात पडायची. ते टेबल आठवलं की मला अजून त्या भाकरीचा वास येतो आणि नानांचा आवाज ऐकू येतो. इतकं सुख पुन्हा कुठल्या टेबलावर मिळालं नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

नाना गेले. काही वर्षांनी आईच्या डोळ्यांनी दगा दिला. आधी कडा गेल्या, मग मधलं गेलं, आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. नारायणगुड्याचं घर सोडलं आणि आई माझ्याकडे आली. भाऊ पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, सामान सगळं देऊन टाक. मी दिलं, पण टेबल ठेवून घेतलं. माझं आधीचं काचेचं टेबल विकून टाकून जेवायच्या खोलीत ते मांडलं. नवऱ्यानं त्यावर बोट फिरवून बघितलं आणि म्हणाला, "हे तू पॉलिश करणार असशील ना?" मी म्हटलं, "नाही." दुनियेची कपाटं सोलणारी बायको घरचं एक टेबल सोलेना, यावर त्यानं मला वर्षभर चिडवलं.

आई सुरुवातीला आमच्याबरोबर टेबलाशी बसायची. मग हळूहळू ती म्हणायला लागली, मला खोलीतच आणून दे. मला वाटलं, थकवा असेल. खोलीत ती पलंगावर बसून, मांडीवर टॉवेल घेऊन जेवायची आणि दार लोटून घ्यायची. मग तिच्या आवडी बदलल्या. तिला चारू फार आवडायचं. चारू म्हणजे चिंचेचं पातळ सार, इथल्या तेलुगू शेजारणींकडून शिकलेलं. ती म्हणाली, नको. दही नको, पातळ वरण नको. कोरडी भाकरी आणि चटणी दे. भाकरी अर्धी झाली, मग पाव. तिचे ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, यांना काहीही झालेलं नाही, फक्त जेवत नाहीत. मला घोर लागला. मी रागावले, मग आर्जवं केली, एकदा तर तिच्यासमोर बसून रडलेसुद्धा.

तेव्हा ती बोलली. "अगं, सांडतं माझ्या हातून. मला दिसंना. हातानं चाचपून बघावं, सांडलं असलं तर आपलं आपण पुसावं, तर त्या टेबलावर हात फिरवला की सगळंच चिकट लागतं. सांडलंय का नाही, कळंना. मग तुम्ही सगळे गप बसून बघत असाल असं वाटतं. त्यापेक्षा आपलं कोरडं खावं, एकटीनं."

जन्मभर दुसऱ्याचं खरकटं काढणारी माझी आई. तिला स्वतःचं खरकटं दुसऱ्यानं पुसलेलं सोसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी टेबलावर प्लॅस्टिकचा कपडा घातला. तो सरकायचा, ताटाबरोबर निघून यायचा, त्याच्या सुरकुतीत भात अडकायचा. आईनं एकच दिवस सहन केलं. "बालवाडीतल्या पोरीला बसवल्यावाणी वाटायलंय," ती म्हणाली. "नक्को हे. तू एवढी लोकांची लाकडं घासतीस, हे टेबल खरवड की."

मी म्हटलं, बघते. मग म्हटलं, सध्या गच्चीवर दव पडतं, त्यानं पॉलिश पांढरं पडतं. मग म्हटलं, हातात दुसरं कपाट आहे. सगळी कारणं खरी होती आणि एकही खरं नव्हतं. मला ते टेबल तसंच हवं होतं. नानांचं दुसरं काय उरलं होतं माझ्याकडे? फोटोतले नाना सुटाबुटात ताठ बसलेले, ते मला कधी ओळखीचे वाटलेच नाहीत. माझे नाना त्या पेल्याच्या वर्तुळात होते.

एका दुपारी आईनं मला टेबलापाशी बोलावलं. स्वतः चाचपत येऊन बसली होती. म्हणाली, "तुला खरवडायचं नाही, हौ ना? का ते सांग."

मग मी सांगायला लागले. तिचा हात धरून मी तिची बोटं टेबलावर फिरवली. हे नानांच्या पेल्याचं वर्तुळ. ह्या कर्कटकाच्या टोच्या, आठवतं का, तेव्हा नानांनी धाकट्याला किती झापलं होतं. हा माझ्या कॉपीचा कागद, अजून खडबडीत लागतो बघ. आणि इथं तो उर्दू पेपर. आई शांतपणे सगळं ऐकत होती. तिची बोटं कागदाच्या खरखरीवर थोडी थांबली. मग ती टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत गेली, सावकाश, काही हरवलेलं शोधावं तशी.

"आणि माझं कुठं आहे?" तिनं विचारलं.

मला आधी कळलंच नाही. "तुझं काय?"

"माझी खूण. तुमच्या तिघांच्या सांगितल्यास. माझी?"

टेबलाला चार बाजू होत्या. एका बाजूला नाना, दोन बाजूंना आम्ही भावंडं, आणि चौथी स्वयंपाकघराकडची. तिथं खुर्ची असायची, पण तिच्यावर पाण्याचा तांब्या आणि भाकरीची टोपली ठेवलेली असायची. आई आमचं झाल्यावर आत जाऊन, चुलीपाशी जमिनीवर बसून जेवायची. मी एवढी वर्षं त्या टेबलाच्या आठवणी काढत होते, त्या भाकरीच्या वासासकट, आणि भाकरी करणारी कुठं जेवते हे त्या आठवणीत कुठंच नव्हतं.

"त्या वेळी मला खालीच बरं वाटायचं," आई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "कुणी खाली बसवलं नव्हतं. माझंच सोवळं होतं ते. पण आता मला वर बसून जेवायचंय, माय. तुमच्यासंगं. चारू प्यायचंय."

मी म्हटलं, खरवडते.

फाल्गुनात हवा कोरडी झाली तेव्हा टेबल गच्चीवर चढवलं. चार माणसं लागली आणि जिन्यात नवऱ्याचं बोट चेमटलं, ते तो अजून बोलून दाखवतो. करडईचं तेल एवढ्या वर्षांत रबरासारखं झालं होतं. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून ते मऊ करायचं आणि पात्यानं खरवडायचं. मी नानांच्या बाजूनं सुरुवात केली. म्हटलं, जे अवघड आहे ते आधी करू. पात्याखालून तपकिरी वळ्या निघायला लागल्या आणि ऊन लागताच त्यांना वास सुटला. जुन्या तेलाचा, पण त्यात मागे कुठंतरी गावाकडच्या डब्याचं झाकण उघडल्याचा. आई सावलीत खुर्ची टाकून बसली होती. तिनं मान वर केली. "डबा उघडलास काय?" म्हणाली. पेल्याचं वर्तुळ निघालं तेव्हा मी रडले आणि रडत रडतच पात्याला धार लावली. आईनं ऐकलं, पण समजूत काढली नाही. थोड्या वेळानं फक्त म्हणाली, "कडेला नीट बघ, तिथं ह्यांनी जास्त ओतलं होतं."

पॉलिश पेपरनं घासायचं काम मात्र तिनंच मागून घेतलं. मला डोळ्यांनी दिसत नव्हतं ते तिला तळव्याला लागायचं. "इथं राहिलंय. इथं अजून चिकट आहे." मी त्रासून म्हणायचे, "आई, पुरे आता," आणि ती म्हणायची, "तुझं झालं असंल, माझं नाही झालं." दोन दिवसांनी टेबल असं उघडं पडलं की मी बघतच राहिले. नानांनी मोहात पडून विकत घेतलेलं सागवान मला पहिल्यांदाच दिसत होतं.

आता स्पिरिट. लाखेचे पातळ पापुद्रे मी बरणीत स्पिरिट घालून भिजत ठेवले होते. ती बरणी उघडण्याआधी मी आईला म्हटलं, "हे बघ, हे दारूच्या भावकीतलं आहे. अन्नाच्या जागेला लागणार आहे. अजून नको म्हणालीस तर जवसाचं तेल आणते."

तिनं बरणी हातात मागितली, नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. "दवाखान्याचा वास येतो," म्हणाली. मग जरा विचार करून, "चालतंय. देवाचं मी बघून घेते. पण तेल आता नको, माय. एकदा पाजलं तेवढं बस झालं." आणि हसायला लागली. मी तिला एवढं हसताना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. हसता हसता तिला नाना आठवले असणार, कारण ती मध्येच म्हणाली, "किती चोळायचे बिचारे! कुणी सांगितलंच नाही त्यांना."

कापसाचा गोळा सुती फडक्यात बांधून त्याची पोटली करतात, ती पॉलिशमध्ये बुडवून लाकडावर फिरवायची. हात मध्येच थांबवायचा नाही, थांबला की तिथं फडकं चिकटतं आणि डाग पडतो. हलक्या हातानं फिरवत राहायचं. सुरुवातीचे हात मी दिले. आई म्हणाली, मला दे. मी जरा कचरले, तरी तिच्या हातात पोटली दिली आणि मनगट धरायला गेले. तिनं माझा हात झटकला. तव्यावर धिरडं पसरवावं तसा तिचा हात गोल गोल फिरत निघाला आणि कुठंही थांबला नाही. त्या हाताला थांबायची सवयच नव्हती.

पाडव्याला टेबल खाली आणलं. खरं तर पॉलिश मुरायला आणखी बरेच दिवस द्यायला हवे होते आणि मी तसं म्हटलंही, पण आईनं ठरवून टाकलं होतं. तेलुगू शेजारणीनं उगादीची, म्हणजे त्यांच्या पाडव्याची, कडू-गोड पच्चडी आणून दिली. मी पुरणाबरोबर चारूही केलं. आई नवं लुगडं नेसून जेवायच्या खोलीत आली आणि टेबलाला हात लावून उभी राहिली. "कुठं बसू?"

नानांच्या जागी बस, असं माझ्या तोंडावर आलं होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, "स्वयंपाकघरापासून लांबची बाजू कुठली? तिथं बसते. म्हणजे उठायला लागायचं नाही."

ती बसली. मी वाढलं. चारूची वाटी उचलताना तिचा हात थोडा कलला आणि ताटाबाहेर सांडलं. नवरा आणि मी दोघंही एकदम थांबलो. आईनं डावा हात टेबलावर फिरवला. गुळगुळीत लाकडावर तिच्या तळव्याला ते ओलं लगेच लागलं. तिनं मांडीवरचं फडकं घेतलं, पुसलं, पुन्हा हात फिरवून बघितला. कोरडं. पुढं एक भाताचं शीत सापडलं, तेही उचलून ताटाच्या कडेला ठेवलं. मग मान वर करून आमच्या दिशेनं म्हणाली, "गप का झालात? जेवा की." त्या दिवशी तिनं चारू दोनदा मागून घेतलं आणि बोटानं वाटी पुसून काढली.

जेवणानंतर तिला चहा लागतो. स्टीलच्या पेल्यात कडकडीत, ओठ भाजतील असा. मी पेला तिच्या हातात दिला आणि आवराआवर करायला गेले. परत येऊन पेला बाजूला सरकवला तर खाली नव्या पॉलिशवर पांढरं वर्तुळ उमटलेलं. स्पिरिटच्या पॉलिशला ही एक खोड आहे, गरम-ओलं सोसत नाही. काही मोठी गोष्ट नव्हती. स्पिरिटमध्ये जरा भिजवलेली पोटली हलक्या हातानं फिरवली की निघून जातं. मी दुनियेची अशी वर्तुळं काढलेली आहेत. पोटली वर गच्चीवर डब्यात होतीच. मी जिन्याच्या दारापर्यंत गेलेसुद्धा.

"काय झालं गं?" आईनं विचारलं. तिला माझ्या पावलांवरून सगळं कळतं. "डाग पडला काय?"

"हो."

तिनं हात फिरवून शोधलं. तो डाग हाताला लागत नाही, नुसता डोळ्यांना दिसतो. "कुठं? मला लागंना."

मी परत आले, तिच्याशेजारी बसले आणि तिचं बोट हातात घेऊन त्या वर्तुळावरून एकदा पूर्ण फिरवलं.

"इथं. हे तुझं."

मी बोट सोडल्यावर आईनं ते स्वतःहून पुन्हा एकदा तसंच गोल फिरवलं, आणि मग पेला पुढं करून म्हणाली, "अजून अर्धा आहे काय?"

मी तिला चहा ओतला. तिनं पेला चाचपत नेला आणि बरोबर त्याच जागी ठेवला.